जुना लॅपटॉप बंद पडलाय, फायली काढायच्यात आणि डिस्क सारखी डिसकनेक्ट होतेय

आमच्या घरी गेले तीन आठवडे हाच एक विषय चालू होता, म्हणून जे जे कळलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, २०१० चा लॅपटॉप आहे, विंडोज ७ वाला, ३२० जीबीची हार्ड डिस्क. आप्पा १९६१ साली चौदा वर्षांचे होते आणि पुण्यात नारायण पेठेत राहायचे, १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा वाड्यात पाणी शिरताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. रिटायर झाल्यावर चार-पाच वर्षं ते पेठांमधल्या जुन्या लोकांकडे जाऊन पुराच्या आठवणी लिहून घ्यायचे, काहींचं रेकॉर्डिंग करायचे आणि रात्री घरी येऊन टाइप करत बसायचे. त्यातली बरीच माणसं आता राहिली नाहीत. आणि या सगळ्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. जूनमध्ये पहिल्या पावसात एका संध्याकाळी लाइट तीन-चारदा गेली आणि आली, त्यानंतर लॅपटॉप उठेचना.

एका दुकानात नेला तर तिथल्या मुलाने दहा मिनिटांत सांगितलं, बोर्ड गेलाय ताई, आता नवीन घ्या, डेटाचं विसरा. आप्पा त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते, बोर्ड जाणं वेगळं आणि डेटा जाणं वेगळं. फायली असतात हार्ड डिस्कवर, ती बोर्डापासून सुटी निघते आणि लॅपटॉप पूर्ण मेला तरी डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. बोर्ड, स्क्रीन, चार्जर, बॅटरी यातलं काहीही गेलं तरी फायली जागच्या जागी असतात.

पण लगेच स्क्रू काढायला बसू नका. आधी "बंद पडलाय" म्हणजे नक्की काय झालंय ते बघा. पॉवरचं बटण दाबल्यावर लाइट लागतो, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, असं असेल तर कदाचित फक्त स्क्रीनच गेलेली असते. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीला जोडा, जुन्या लॅपटॉपला निळा व्हीजीए पोर्ट असतो तो मॉनिटरला जोडा. किंवा खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा, पुसटसं चित्र दिसलं तर मागचा लाइट गेलाय आणि बाकी सगळं चालू आहे. तसं असेल तर टीव्हीवर बघत बघत पेन ड्राइव्हवर कॉपी करा, काम तिथेच संपलं.

काहीच लागत नसेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, मग पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, आतला उरलेला चार्ज निघून जातो. नंतर बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. त्याच पिनेचा आणि तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चार्जर कुणाकडे मिळाला तर तोही लावून बघा. खालचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर हळू फिरवून परत बसवली तरी काही लॅपटॉप उठतात. आमचा नाही उठला.

लोगो येतो आणि परत बंद होतो, किंवा निळी स्क्रीन येते, अशी वेगळी तऱ्हा असेल तर मशीन चालू आहे, फक्त विंडोज बिघडलंय. अशा वेळी रिसेट वगैरेच्या वाटेला जाऊ नका आणि डिस्क तपासण्याचं, दुरुस्त करण्याचं जे काळ्या स्क्रीनवर आपोआप सुरू होतं तेही होऊ देऊ नका, कारण डिस्क आजारी असेल तर ती दुरुस्तीच तिला महागात पडते. दुसऱ्या कंप्युटरवर रुफस (कंप्युटर चालू करता येईल असा पेन ड्राइव्ह बनवणारं फुकट सॉफ्टवेअर) वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स, टाका, त्यावरून लॅपटॉप चालू करा, आणि इन्स्टॉल न निवडता "ट्राय" निवडा. मग आतल्या डिस्कला काही धक्का न लागता तिच्यातल्या फायली दिसतात. एकच अडचण, खूप जुना ३२ बिटवाला लॅपटॉप असेल तर नवीन उबुंटू त्यावर चालत नाही, मग डिस्क काढणंच सोपं.

आम्ही डिस्क काढली. डायनिंग टेबलावर जुनी पांढरी चादर पसरली आणि एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्या-त्या जागी चिकटपट्टीने चिकटवला, कारण स्क्रू सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या बोर्डात घुसतो. बॅटरी आधी काढायची हे विसरू नका. डिस्क पत्र्याच्या छोट्या चौकटीत असते, ती कनेक्टरपासून सरळ रेषेत मागे सरकवायची, वर उचलायची नाही. आप्पा शेजारी बसून टॉर्च धरत होते. डिस्क हातात आल्यावर म्हणाले, एवढीशीच? ती अडीच इंचांची असते, पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी.

आता टोकाला दोन चपट्या पट्ट्या दिसल्या, एक आखूड एक लांब, तर ती साटा डिस्क. दोन रांगांत बारीक पिना उभ्या दिसल्या तर ती त्याच्याही आधीची आयडीई, तिची वायर वेगळी लागते. साटाची यूएसबी वायर मला तापकीर गल्लीत साडेतीनशेला मिळाली, मंडईजवळ गाडी लावून चालत गेले आणि डिस्क सोबत नेली होती, ते बरं झालं कारण पहिल्या दुकानदाराने चुकीचीच वायर काढून दिली होती. डब्यासारखी केसिंग मिळते तीही चालते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट वेगळे लागतात, तेव्हा तिच्यासाठी अॅडाप्टरसकट किट घ्यावं लागतं.

डिस्क लावल्यावर दोन गोष्टींनी लोक घाबरतात. एक म्हणजे पहिलं जे ड्राइव्ह उघडतं ते रिकामं किंवा १०० एमबीचंच दिसतं. ते विंडोज ७ ने स्वतःसाठी राखून ठेवलेलं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला तुकडा, असतं, तुमचा डेटा पुढच्या ड्राइव्हमध्ये आहे. दुसरं म्हणजे "फॉर्मॅट करा" असा मेसेज येतो. तिथे कॅन्सल. काहीही होवो, कॅन्सल. फॉर्मॅट नाही, रिपेअर नाही, आणि त्या डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोडही करायचं नाही, कारण नवीन काही लिहिलं गेलं की ते जुन्यावर बसू शकतं.

आता येते खरी डोकेदुखी, जिच्यासाठी हे लिहायला बसले. आमची डिस्क लागायची, फोल्डर दिसायचे, कॉपी सुरू व्हायची आणि पाच-सात मिनिटांत टुंग करून डिसकनेक्ट. परत लावली की परत तेच. तीन रात्री हे केलं, आणि मला वाटत होतं की डिस्कच मरतेय. ओळखीच्या दोघातिघांना विचारलं तर त्यांच्याकडेही हेच झालेलं आणि त्यांनी तिथेच नाद सोडलेला. यात दोन वेगवेगळी कारणं असतात आणि ती एकावर एक बसलेली असू शकतात, आमच्याकडे दोन्ही होती, म्हणून एक सुटल्यावरही प्रॉब्लेम पूर्ण गेला नाही आणि गोंधळ वाढला.

पहिलं कारण करंट. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टच्या पुढे अँपिअर लिहिलेले असतात, आमच्या डिस्कवर ०.७ होतं, आणि डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तर त्याहून जास्त ओढते. मी ती लावली होती कंप्युटरच्या पुढच्या पोर्टात, तीही एका हबमधून (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा), आणि त्याच हबला माऊस आणि फोनचं चार्जिंग. मग कसं होणार. हब काढला, कंप्युटरच्या मागच्या बाजूचा यूएसबी ३ चा निळा पोर्ट घेतला, वायर आखूड वापरली, तर डिस्क पाऊण तास न तुटता चालली. तरी तुटत असेल तर दोन यूएसबी तोंडांची वाय वायर मिळते, एक तोंड फक्त करंटसाठी, किंवा स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब घ्यायचा. आणि डिस्क टेबलावर सपाट ठेवा, वायरला लटकू देऊ नका, कॉपी चालू असताना उचलून बघू नका.

दुसरं कारण बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा. पोर्ट बदलल्यावर बाकी सगळं येत होतं पण "मुलाखती" नावाच्या एका फोल्डरवर आलं की स्पीड शून्य, मग दोन मिनिटं सन्नाटा, मग टुंग. दर वेळी त्याच जागी. हीच खूण लक्षात ठेवा, केव्हाही कुठेही तुटत असेल तर करंट किंवा वायर, आणि ठराविक फाइलवर तुटत असेल तर डिस्कचा तो भाग खराब. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत सांगतं, निळं असेल तर ठीक, पिवळं आलं तर सावध, आणि त्यात "पेंडिंग सेक्टर" (नीट वाचता न येणाऱ्या जागा) शून्य नसेल तर त्या डिस्कवर आता आरामात फिरायचं नाही, जे हवंय ते घेऊन बाहेर पडायचं. आमचं पिवळं होतं.

तर मग कॉपी कशी करायची. अख्खा यूजर्स फोल्डर उचलून ओढायचा नाही, कारण एका खराब फाइलपायी सगळं अडकतं आणि त्या एका जागेवर डिस्कचा आतला हात परत परत घासाघीस करत राहतो. आधी जे पुन्हा मिळणारच नाही ते घ्या, म्हणजे स्वतः लिहिलेलं, रेकॉर्डिंग, फोटो, आणि तेही थोडं थोडं. सिनेमे आणि गाणी शेवटी. कमांडने करायचं असेल तर विंडोजमध्ये रोबोकॉपी असतं, पण ते आपण सांगितलं नाही तर एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक प्रयत्नात तीस सेकंद थांबतं, म्हणून त्याचे आर आणि डब्ल्यू हे दोन्ही स्विच १ वर ठेवायचे, म्हणजे एकदाच परत प्रयत्न करून पुढे जातं.

आणि "परवानगी नाही" असं आलं तर कंटिन्यू दाबलं की फोल्डर उघडतं खरं, पण तेव्हा विंडोज प्रत्येक फाइलची परवानगी बदलत बसतं, म्हणजे त्या डिस्कवर लिहितं. डिस्क चांगली असेल तर खुशाल दाबा. पिवळी असेल तर उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून उघडा, तिथे या परवानग्या आडव्या येत नाहीत.

यातलं माझ्या मते सगळ्यात उत्तम साधन म्हणजे डीडीरेस्क्यू. लिनक्समधलं आहे, फुकट आहे, काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागतं पण दोन ओळींचं काम आहे. ते फायली बघतच नाही, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढतं. आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, जिथे अडतं ती जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांवर परत येतं. सोबत एक मॅप फाइल ठेवायची, त्यात कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं याची नोंद असते, म्हणून मध्ये डिस्क तुटली, लाइट गेली, तरी परत तिथूनच सुरू होतं. फक्त कुठली डिस्क वाचायची आणि कुठे लिहायचं ही नावं दहा वेळा तपासा, उलटी दिली तर सगळं पुसलं जाईल. मी नावं कागदावर लिहून आप्पांना मोठ्याने वाचायला लावली, मगच एंटर मारलं. एकदा इमेज निघाली की मूळ डिस्क काढून ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग इमेजवर. पार्टिशनच दिसत नसेल तर टेस्टडिस्क, नुसते फोटो आणि डॉक्युमेंट खरवडून काढायचे असतील तर फोटोरेक, तेही इमेजवरच चालवा.

कधी थांबायचं तेही लिहिते. डिस्क टक-टक-टक असा ठरलेल्या तालात आवाज करत असेल, किंवा हातात धरल्यावर फिरतेय असं जाणवतच नसेल, किंवा तिला जळका वास असेल, तर तिथेच करंट बंद. परत लावून बघायचा मोह होतो, मलाही झाला असता, पण आतली वाचणारी सुई चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते, तिच्यापुढे साधा धुळीचा कणही शेकडो पट मोठा, म्हणून घरी उघडायची तर बातच सोडा. कुणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतं, ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. दुसऱ्या डिस्कची हिरवी सर्किटची पाटी काढून लावा असंही सांगतात, तेही बहुतेक डिस्कना चालत नाही कारण त्या पाटीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची माहिती असते. अशी डिस्क सरळ रिकव्हरी लॅबमध्ये द्यायची आणि देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्यायच्या, डेटा नाही निघाला तर पैसे किती, आणि पैसे देण्याआधी निघालेल्या फायलींची यादी दाखवणार का.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. त्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी असते, तीही सुटी निघते पण साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, केसिंग त्याप्रमाणे घ्यावी लागते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे ही युक्ती चालत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागू शकतं, ती बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह झालेली असते ज्याने लॅपटॉप सुरू केला होता, मुलाच्या किंवा ऑफिसच्या आयडीने केला असेल तर तिथे शोधा. आणि एसएसडीवरून डिलीट केलेली फाइल मिळण्याची आशा फार कमी, डिलीट झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

आता एक गोष्ट जी मराठीत लिहिणाऱ्यांनाच समजेल आणि जिच्यामुळे आम्ही दोन दिवस रडकुंडीला आलो. आप्पांच्या वर्डच्या ४१ फायली आल्या, उघडल्या, आणि आत नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटीसुलटी चिन्हं. आप्पांचा चेहरा उतरला, मलाही वाटलं फायली करप्ट झाल्या. झाल्या नव्हत्या. आप्पा टाइप करायचे श्री-लिपीमध्ये, इथल्याच, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं सॉफ्टवेअर, त्या काळी डीटीपीवाल्या प्रत्येकाकडे असायचं. सी-डॅकचे सुरेखसारखे फॉन्टही त्याच जातीचे. हे फॉन्ट युनिकोड (सगळ्या कंप्युटरवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेली पद्धत) नाहीत, म्हणजे फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसला की कचरा दिसतो. म्हणून डिस्क बाजूला ठेवण्याआधी तिच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर नक्की कॉपी करून घ्या, हे कुणीच सांगत नाही. मी त्यातले आप्पांचे फॉन्ट नव्या कंप्युटरवर राइट क्लिक करून इन्स्टॉल केले, फाइल परत उघडली आणि पहिल्याच ओळीत "सकाळी खडकवासल्याकडून" असं स्वच्छ मराठी आलं. आप्पांनी चष्मा पुसला आणि ते पान तिथेच उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

नंतर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं, नाहीतर पुढच्या कंप्युटरवर परत हाच घोळ. पण कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. आमच्याकडे "तऱ्हा" आणि "दुसऱ्या" मधले ऱ्ह-ऱ्य तुटले, काही ठिकाणी रफार एक अक्षर पुढे सरकला आणि आकडे बदलले, पाण्याची उंची फुटांत लिहिलेली होती तिथे आकडा चुकला तर आठवणच खोटी ठरेल. म्हणून मूळ फाइलही ठेवा आणि फॉन्ट लावून काढलेली पीडीएफही ठेवा, तिच्याशी ताडून बघता येतं.

यूजर्स फोल्डरच्या बाहेरही बघा. आपल्याकडे लोक डी ड्राइव्हमध्ये "न्यू फोल्डर" करून सगळं ठेवतात, विंडोज एक्सपीच्या काळातलं असेल तर "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" मध्ये असतं, आणि आप्पांची सहा रेकॉर्डिंग तर रेकॉर्डरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरमध्ये टाकली होती जिथे मी बघितलंच नसतं. नावाने न शोधता प्रकाराने शोधा, सगळ्या डॉक, सगळ्या वेव्ह, सगळ्या एमपी३.

आज हिशेब असा आहे, ४१ पैकी ४१ लेख मिळाले, २३ पैकी २१ रेकॉर्डिंग मिळाली. राहिलेल्या दोनांपैकी एक कसबा पेठेतल्या एका आजींचं आहे, त्यांनी गच्चीवरून दोरीने खाली डबे सोडल्याचं सांगितलंय, आप्पांना त्यांचं बोलणं अजून पाठ आहे पण आवाज हवाय. इमेजमध्ये ती फाइल पहिली चार मिनिटं वाजते आणि पुढे तुटते. डीडीरेस्क्यू काल रात्रीपासून उरलेल्या जागांवर उलट्या दिशेने चालवलंय, शेवटाकडून सुरुवातीकडे, सकाळी बघितलं तेव्हा न वाचलेला भाग ९ एमबीवरून ६ वर आला होता. डिस्क खाली दोन पेन्सिली ठेवून उचललीय म्हणजे हवा खेळते, वर छोटा टेबल फॅन लावलाय, आणि आप्पा तासातासाने येऊन तिला हात न लावता आकडा वाचून जातायत.